क्लोज-अपचे फोटो पुन्हा पुन्हा अंधारे येतायत? पुढचा रोल भरण्याआधी हे तपासा

आत्याचा साज मोडून त्याच सोन्याचा नवा दागिना करायचा ठरलं होतं. साज जुना, त्याची एकवीस पानं, त्यातली काही झिजून गुळगुळीत झालेली. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, द्यायच्या आधी आत्या म्हणाली, "एकेका पानाचा फोटो काढून ठेव रे. एकदा मोडला की परत बघायला मिळायचा नाही." चंद्र, कमळ, मासा, कासव, प्रत्येक पान जवळून घ्यायचं होतं, आणि ते मला फिल्मवरच हवं होतं. हातात आठ दिवस होते. पहिला रोल धुऊन आला तो पातळ, म्हणजे उजेड कमी पडून निगेटिव्ह फिकट झालेली. दुसऱ्यात मी अंदाजाने एक स्टॉप वाढवला, म्हणजे उजेड दुप्पट केला, तरी पातळच. रंकाळ्यावर काढलेले त्याच रोलमधले इतर फोटो मात्र अगदी व्यवस्थित होते.

दूरचे फोटो बरोबर आणि जवळचे अंधारे, ही तक्रार घेऊन गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे बरेच जण आले. प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. म्हणून "दोन स्टॉप वाढव" हा सरसकट सल्ला मी आता देत नाही. कोणाला तो तारतो, कोणाचा रोल त्यानेच वाया जातो.

आधी निगेटिव्ह बघा, प्रिंट नको

लॅबमधून आलेल्या स्कॅनवर काहीच ठरवू नका. स्कॅनर अंधारी फ्रेम आपोआप उजळ करून देतो, त्यामुळे दोन स्टॉप कमी पडलेला फोटोही "जरा खरखरीत आहे" एवढाच वाटतो. निगेटिव्ह परत मागून घ्या. काही ठिकाणी ती टाकून देतात, म्हणून रोल देतानाच सांगून ठेवायचं.

पट्टी खिडकीसमोर धरा आणि पहिल्यांदा कडेचे आकडे बघा. फ्रेमचे नंबर आणि फिल्मचं नाव कारखान्यातच छापलेलं असतं, त्याचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. ते आकडे ठसठशीत काळे असतील आणि फ्रेम पातळ असेल, तर रोल नीट धुतला गेलाय आणि चूक एक्स्पोजरची, म्हणजे फिल्मला मिळालेल्या उजेडाची आहे. आकडेच फिकट असतील तर डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) जुना, थंड किंवा वेळ कमी. मग कॅमेऱ्याला दोष देऊ नका. माझे आकडे ठसठशीत होते.

फ्रेम उलट काळीकुट्ट आणि दाट असेल तर उजेड जास्त झाला. हेही क्लोज-अपमध्ये होतं आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. त्याकडे लगेच येतो.

उजेड नेमका कुठे हरवतो

वस्तू जवळून घ्यायची म्हणजे लेन्स फिल्मपासून पुढे न्यायची. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, तेच करते, भात्यासारखं लांबवता येणारं बेलोजही तेच करतं. लेन्स जितकी पुढे जाईल तितका तिच्यातून येणारा उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फिल्मच्या वाट्याला कमी येतो. लेन्समधल्या छिद्राच्या, म्हणजे ॲपर्चरच्या, रिंगवर एफ/८ लिहिलेलं असलं (आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक) तरी फिल्मला तो एफ/८ राहत नाही. वस्तू फिल्मवर जेवढ्यास तेवढी, म्हणजे १:१ घेतली, तर एफ/८ चा प्रत्यक्षात एफ/१६ होतो. पूर्ण दोन स्टॉप.

हिशेब सोपा आहे. मॅग्निफिकेशनमध्ये, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट आहे त्या आकड्यात, एक मिळवा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. तेवढ्या पट उजेड जास्त लागतो. अर्ध्या आकाराला दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट, साधारण सव्वा स्टॉप. पूर्ण आकाराला दोनचा वर्ग, म्हणजे चार पट.

मॅग्निफिकेशन काढायला माझा उपाय साध्या फूटपट्टीचा आहे. पट्टी वस्तूच्या जागी आडवी ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये किती मिलीमीटर दिसतात ते मोजा. पस्तीस मिमी फिल्मची फ्रेम ३६ मिमी रुंद असते. १४४ मिमी दिसले तर मॅग्निफिकेशन पाव, वाढवायचा उजेड दोन तृतीयांश स्टॉप. ७२ दिसले तर सव्वा स्टॉप, ३६ दिसले तर दोन, आणि १८ च दिसले तर तीनपेक्षा थोडा जास्त. व्ह्यूफाइंडर खऱ्या फ्रेमपेक्षा थोडं कमी दाखवतो, पण या कामाला तेवढा फरक चालून जातो.

ट्यूबवरूनही काढता येतं. जुन्या बाजारात मिळणाऱ्या तीन ट्यूबच्या संचात बहुधा ७, १४ आणि २८ मिमीच्या ट्यूब असतात. ५० मिमीची लेन्स अनंतावर ठेवली, तर ७ च्या ट्यूबला एक तृतीयांशाहून किंचित जास्त, १४ ला पाऊण, २८ ला सव्वा आणि तिन्ही एकत्र लावल्या तर दोन स्टॉप. हे आकडे मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ट्यूबच्या डबीत ठेवलेत. लेन्सची फोकस रिंगही पुढे फिरवलीत तर आणखी थोडे वाढवा.

हा उजेड तुमच्या मीटरला दिसतो का?

सगळा घोळ या प्रश्नाचं उत्तर न शोधल्यामुळे होतो.

कॅमेऱ्याचं मीटर लेन्समधून येणारा उजेड मोजत असेल, तर ट्यूबने खाल्लेला उजेड त्याने आधीच हिशेबात धरलाय. तुम्ही वरून काही वाढवायचं नाही. मीटर हातातलं असेल, फोनवरचं ॲप असेल किंवा जुन्या कॅमेऱ्याच्या कपाळावर बसवलेलं असेल, तर ट्यूब लावलीय हे त्याला कळायला मार्गच नाही. तिथे वरचा हिशेब तुम्हीच करायचा.

राजारामपुरीतला एक मुलगा झेनिट-ई घेऊन आला होता. आजोबांचा कॅमेरा, आणि मनापासून चालवतो. त्याने तिन्ही ट्यूब लावून जास्वंदीचे पुंकेसर घेतले होते आणि सगळ्या फ्रेम जवळपास कोऱ्या. "काका, मीटर गेलं असेल ना?" असं तो विचारत होता. मीटर ठीक होतं. झेनिट-ई चं सेलेनियम मीटर पुढच्या बाजूला, लेन्सच्या वर असतं. त्याला फूल दिसतं, ट्यूब दिसत नाही. त्याने दोन स्टॉप वाढवायला सुरुवात केली आणि पुढच्या रोलपासून प्रश्न संपला.

उलट उदाहरण एका मित्राचं. त्याच्याकडे निकॉन एफएम१०, मीटर लेन्समधून मोजणारं. बेलोजचं कोष्टक कुठेतरी वाचून त्याने मीटरने सांगितलेल्या एक्स्पोजरवर आणखी दोन स्टॉप चढवले. म्हणजे एकाच घटीची भरपाई दोनदा झाली. मघाशी म्हटलं ती दाट, काळी निगेटिव्ह अशीच तयार होते. साध्या रंगीत किंवा कृष्णधवल निगेटिव्हवर दोन स्टॉप जास्त झाले तरी फोटो वाचतो. त्याने स्लाइड फिल्म भरली होती. तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्याला खुपते, दोन स्टॉपला काही उरतच नाही.

पुढे लावायच्या स्क्रू-इन क्लोज-अप काचा, ज्यांवर +१, +२, +४ लिहिलेलं असतं, त्यांना ही भरपाई लागत नाही, कारण लेन्स पुढे सरकत नाही. हातातलं मीटर असलं तरी नाही.

मग माझंच काय चुकत होतं?

माझा कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. मीटर लेन्समधून मोजणारं. म्हणजे वरच्या नियमाने काहीच बिघडायला नको होतं, तरी फ्रेम पातळ. दोन रोल गेल्यावर मी सोप्यात ट्रायपॉड लावून, फिल्म न भरता, नुसती सुई बघत बसलो. माझ्या मते अख्ख्या लेखात सगळ्यात उपयोगाचा भाग हाच आहे, कारण हे कारण पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्या ट्यूब साध्या आहेत, कॅमेऱ्याचा खटका लेन्सपर्यंत पोचवणाऱ्या नाहीत. त्यामुळे लेन्स लावली की ॲपर्चर मी ठेवलेल्या आकड्यावर लगेच बंद होतं. नेहमीचे फोटो काढताना मीटर एफ/२ एवढ्या उघड्या लेन्समधून मोजतं, ट्यूब लावल्यावर ते एफ/११ च्या बारीक छिद्रातून मोजायला लागतं. आत अंधार होतो. आणि के-१००० चे मोजणारे सेल व्ह्यूफाइंडरच्या काचेजवळच बसवलेले आहेत. पुढून येणारा उजेड इतका कमी झाला की मागून, म्हणजे माझ्या डोळ्याच्या बाजूने आत शिरणारा उजेड जड ठरू लागतो.

माझ्या पाठीमागे अंगण होतं, चैत्रातलं ऊन. मी चष्मा लावतो, म्हणून डोळा काचेला पूर्ण टेकत नाही. अंगणातला उजेड चष्म्याच्या कडेने आत जात होता, सुई वर चढत होती, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून शटर जलद करत होतो. खात्री करायला घरातलं काळं घोंगडं डोक्यावरून आणि कॅमेऱ्यावरून घेतलं, जुने स्टुडिओवाले घ्यायचे तसं. तोच साज, तोच उजेड, तेच ॲपर्चर. सुई जवळपास दोन स्टॉप खाली आली.

तुमच्या कॅमेऱ्याला हे लागू आहे का ते मिनिटात कळतं. ट्यूब लावा, ॲपर्चर बारीक करा, सुई बघा. मग डोळ्याभोवती हाताने नीट आडोसा करून पुन्हा बघा. सुई हलली तर हेच कारण. रबरी आयकप मिळाला तर लावा, नाहीतर काळं कापड जवळ ठेवा. शक्य असेल तर मुळात जागाच अशी निवडा की पाठीमागे उघडं अंगण, खिडकी किंवा ट्यूबलाइट नको.

याला जोडूनच दुसरी अडचण आहे. उजेड फार कमी झाला की जुन्या सीडीएस (कॅडमियम सल्फाइडच्या सेलच्या) मीटरची सुई आळसावते, आणि मर्यादेच्या खाली गेलं की ती सांगते ते खरं धरता येत नाही. के-१००० चं मीटर आयएसओ १०० ला ईव्ही ३ पर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड कमी) चालतं, पण ते उघड्या ५० मिमी लेन्सचं मोजमाप आहे. एफ/११ वर बंद करून, वर ४९ मिमीच्या ट्यूब लावून घरातल्या उजेडात मोजायला गेलात तर ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

म्हणून मी आता ट्यूब लावलेल्या असताना नेहमी लेन्स पूर्ण उघडून मोजतो आणि मग स्टॉप मोजत खाली येतो. एफ/२ ला १/८ सेकंद दाखवत असेल, तर एफ/११ पर्यंत पाच टप्पे: १/४, १/२, १, २, ४. म्हणजे चार सेकंद. ट्यूबची भरपाई त्यात आलेली असते, कारण एफ/२ चं मोजमापही ट्यूबमधूनच झालं. सुई भरपूर उजेडात चालते आणि मागून शिरणारा कवडसा त्यापुढे किरकोळ ठरतो. एका पद्धतीत दोन्ही दुखणी मिटतात. के-१००० वर एक सेकंदापेक्षा जास्त वेळेचं शटर नाही, त्यामुळे चार सेकंदांसाठी बी वर ठेवून केबल रिलीजने उघडं धरायचं.

चार सेकंद म्हणजे चार सेकंद नव्हेत

उजेड अगदी मंद असला की फिल्म सुस्तावते. एक सेकंदाच्या पुढे मीटर सांगेल त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. इलफोर्डने आपल्या प्रत्येक फिल्मसाठी यासाठी घातांक दिलेला आहे: मोजलेल्या सेकंदांचा तेवढा घात करायचा. एफपी४ प्लसला १.२६, एचपी५ प्लसला १.३१. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. एफपी४ वर चार सेकंदांचे पावणेसहा होतात, आठचे जवळपास चौदा. एचपी५ वर आठचे पंधरा आणि सोळाचे अडतीसच्या आसपास. फुजीच्या प्रोव्हिया १००एफ स्लाइडला मात्र १२८ सेकंदांपर्यंत काही वाढवावं लागत नाही. दर फिल्मचं वेगळं असतं, डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

माझ्या दुसऱ्या रोलमध्ये मी अंदाजाने वाढवलेला एक स्टॉप इथेच जिरला होता.

सोनं, काळं मखमल आणि मीटर

मीटरला वाटतं की समोरचं सगळं मध्यम करडं आहे. काळ्या मखमलीवर छोटं पान ठेवलं तर ते मखमलीला करडं करायला निघतं आणि सोनं जळून पांढरं होतं. पांढऱ्या कागदावर ठेवलं की उलट, कागद करडा आणि पान काळपट. दुसऱ्या रोलची एक प्रिंट पाहून आत्याने विचारलं होतं, "सोनं असं पितळेसारखं का दिसतंय रे?" ती पांढऱ्या कागदावरची होती.

चकचकीत धातू तर स्वतःचा उजेड दाखवतच नाही, समोर जे असेल ते दाखवतो. सुई पानावर रोखून घेतलेलं मोजमाप म्हणजे खिडकीचं किंवा तुमच्या पांढऱ्या शर्टाचं मोजमाप. म्हणून पान उचलायचं, त्याच जागी अठरा टक्के करड्या कार्डाचा तुकडा ठेवायचा, त्यावर मोजायचं आणि कार्ड काढून पान ठेवायचं. १:१ ला फ्रेममध्ये जेमतेम ३६ बाय २४ मिमी जागा येते, त्यामुळे दोन इंची तुकडा पुरतो. एक मोठं कार्ड कापून आम्ही चौघांनी वाटून घेतलंय. कार्ड नसेल तर तळहात. पण तळहात करड्यापेक्षा उजळ असतो, बहुतेकांचा सुमारे एक स्टॉप. तुमचा किती ते कधीतरी कार्डाशी ताडून बघा आणि तो आकडा कायमचा लक्षात ठेवा.

मोजताना कॅमेरा शेवटच्या जागीच असू द्या. ५० मिमी लेन्सने १:१ घेताना वस्तू लेन्सपासून दहाएक सेंटीमीटरवर येते. लेन्सची आणि तुमच्या डोक्याची सावली वस्तूवर पडते. आधी मोजून मग कॅमेरा पुढे सरकवला तर ते मोजमाप गेलं.

फ्लॅश लावला की नियम पुन्हा फिरतो

लेन्समधून मोजणाऱ्या कॅमेऱ्याची सवय झालेला माणूस इथे हमखास फसतो. साध्या फ्लॅशचा लखलखाट कॅमेऱ्याच्या मीटरला दिसतच नाही, म्हणून ट्यूबची भरपाई पुन्हा तुमच्यावर येते. गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला, फ्लॅश ते वस्तू या मीटरमधल्या अंतराने भागा, आणि आलेल्या आकड्याला एक अधिक मॅग्निफिकेशनने भागा. गाइड नंबर २०, फ्लॅश अर्ध्या मीटरवर: ४०. पूर्ण आकाराला भागिले दोन: २०. म्हणजे आयएसओ १०० ला रिंग एफ/१६ आणि एफ/२२ च्या मधे.

पण एवढं बारीक ॲपर्चर मी टाळतो. १:१ ला एफ/२२ म्हणजे फिल्मच्या दृष्टीने एफ/४४, आणि त्यात साजावरची बारीक नक्षी मऊ पडते. फ्लॅश वस्तूपासून एक मीटरवर न्या, उत्तर १० येतं, एफ/११ च्या थोडं अलीकडे. फार जवळून गाइड नंबर तंतोतंत चालत नाही, त्यामुळे एका रोलच्या पाच-सहा फ्रेम चाचणीला द्याच. के-१००० वर शटर १/६० ला ठेवायला विसरू नका.

उरलेली कारणं, थोडक्यात

जुन्या कॅमेऱ्यांची काही मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेली होती. ते सेल आता मिळत नाहीत. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की सुई बहुधा जास्त उजेड दाखवते आणि फ्रेम पातळ येते. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो. पण ही चूक दूरच्या फोटोंतही दिसायला हवी. फक्त जवळचेच बिघडत असतील तर सेलच्या मागे लागू नका.

टेली लेन्सवर ट्यूब लावली किंवा लेन्स उलटी लावली तर वर्गाचा हिशेब थोडा चुकतो, कारण तिचं छिद्र पुढून आणि मागून वेगवेगळ्या आकाराचं दिसतं. लेन्समधून मोजलंत तर हा प्रश्न येत नाही.

मसाई पठारावर रानफुलं घ्यायला जाणाऱ्यांनी चार सेकंदांचे हिशेब घरीच ठेवावेत. तिथला वारा १/१२५ च्या खाली काही करू देत नाही. चारशेची फिल्म, एफ/५.६ आणि अर्ध्या आकारापेक्षा जवळ न जाणं, एवढ्यावर मी भागवतो.

तिसऱ्या रोलला मी एकच बदल एका वेळी केला. घोंगडं, उघड्या लेन्सने मोजणं, कार्ड, मग वाढीव सेकंद. प्रत्येक पानाच्या दोन फ्रेम घ्यायला एक रोल पुरत नव्हता, म्हणून पहिल्या चार पानांच्या तीन-तीन घेतल्या: हिशेबाची एक, एक स्टॉप वर, एक स्टॉप खाली. बाकी सतरा पानांची एकेक. वहीत फ्रेम नंबर, ट्यूब, ॲपर्चर, मोजलेले सेकंद आणि दिलेले सेकंद लिहिले. हिशेबाच्या फ्रेम बरोबर आल्या. झिजलेल्या कासवाच्या पाठीवरच्या रेघाही निगेटिव्हवर भिंगाने मोजता येतात.

हे सगळं करूनही जमलं नाही आणि कोणा जाणत्याला दाखवायचं असेल, तर नुसता स्कॅन नेऊ नका. निगेटिव्हची पट्टी न कापता न्या, त्याच रोलमधला एक दूरचा चांगला फोटो सोबत असू द्या, आणि ती वही.